गोल दिसायला त्रिकोण किती लागतात? – पृथ्वीगोल, पॅटर्न आणि पाईपचा डोम

कणकुंबीकर :
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेसाठी पृथ्वीगोल करायलोय, ब्राउझरमध्ये चालणारा. पोरांनी माऊसनं फिरवायचा, नावावर क्लिक केलं की गोळा फिरून तिथं थांबायचा, नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत. शाळेच्या लॅबमधले पीसी जुने आहेत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तयार लायब्ररी न घेता सरळ वेबजीएलमध्ये (ब्राउझरमधनं ग्राफिक्स कार्डाकडनं चित्र काढून घ्यायची सोय) लिहायलोय कारण नववी-दहावीच्या पोरांना आतलं दाखवायचंय, की कार्डाला गोल वगैरे काही कळत नाही, त्याला त्रिकोण द्यावे लागतात आणि त्रिकोणांतनंच गोलाचा भास करायचा असतो.

दोन पद्धती करून बघितल्या. एक अक्षांश-रेखांशाची, ३२ उभ्या फाका आणि १६ आडव्या पट्ट्या. विषुववृत्तावर बरी दिसते पण ध्रुवाकडं सगळे त्रिकोण एकाच टोकाला जाऊन चिमटतात. दुसरी म्हणजे चार तोंडांचा टेट्राहेड्रॉन घ्यायचा, प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू काढून त्याचे चार करायचे, नवीन बिंदू गोलावर ढकलायचे, आणि परत तेच. पाच वेळा तोडल्यावर ४०९६ त्रिकोण होतात, तेवढ्यात झकास गोल यायला पाहिजे होता, पण वायरफ्रेम (नुसत्या रेघांची जाळी) लावली की चार ठिकाणी बारीक त्रिकोणांची दाटी आणि मधे मोठेमोठे त्रिकोण पसरलेले. काठ पण एकसारखा नाही, काही ठिकाणी कोपरे दिसतात.

विचारायचं एवढंच, सुरुवात कुठनं करायची आणि किती वेळा तोडायचं? ‘जास्त त्रिकोण घे’ एवढंच सांगू नका, हिशोब पाहिजे.

लॅबताई :
छान काम घेतलंस. तुझी तोडायची रीत बरोबर आहे, सुरुवातीचा आकार चुकीचा आहे.

व्हीटीयूच्या (बेळगावचं तंत्रविद्यापीठ) ग्राफिक्स लॅबला टेट्राहेड्रॉन रिकर्सिव्ह, म्हणजे परत परत त्याच रीतीनं, तोडून सिएरपिन्स्की गॅस्केट नावाची भोकाभोकांची आकृती काढायचा प्रोग्रॅम असायचा, आपल्याकडं बेळगावात इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांनी तो जर्नलमध्ये उतरवलेला असेल. त्यात मधला भाग सोडून देतात. इथं मधला त्रिकोण ठेवायचा आणि मध्यबिंदू केंद्रापासून एक एकक अंतरावर न्यायचा, म्हणजे त्याच्या तिन्ही आकड्यांना त्याच्या लांबीनं भागायचं. फंक्शन जवळपास तेच.

आता टेट्राहेड्रॉनला काय होतं ते बघ. प्रत्येक तोंड गोलाचा चौथा हिस्सा झाकतं. एकदा तोडलास की सपाट असताना चारी तुकडे सारखे असतात, पण गोलावर ढकलल्यावर मधला त्रिकोण एकटाच गोलाचा आठवा हिस्सा खातो. चौथ्यातनं आठवा गेला, राहिला आठवा, तो कोपऱ्यातल्या तिघांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी चोविसावा हिस्सा. पहिल्याच पायरीला मधला कोपऱ्यातल्याच्या तिप्पट झाला. पुढं कितीही तोडलास तरी ही विषमता जात नाही, ती आतच राहते. तुझ्या चार दाट जागा म्हणजे टेट्राहेड्रॉनचे मूळचे चार कोपरे.

कारण साधं आहे. टेट्राहेड्रॉनच्या बाजूचा मध्यबिंदू केंद्रापासून ०.५७७ वर असतो, त्याला ओढून १ वर न्यायचा म्हणजे ताण भरपूर. आठ तोंडांच्या ऑक्टाहेड्रॉनला तो ०.७०७ वर असतो आणि वीस तोंडांच्या आयकोसाहेड्रॉनला ०.८५१ वर. ताण कमी, विषमता कमी. मधला आणि कोपऱ्यातला यांचं गुणोत्तर टेट्राला ३, ऑक्टाला साधारण १.६२, आयकोसाला १.२०.

टिळकवाडी_गेट :
ताईंनी पाया घातलाय, मी वरचं बांधतो. मी पुण्यात ग्राफिक्सचंच काम करतो, गाव बेळगावच, त्यामुळं आपल्याकडच्या शाळेचं काम बघून लै बरं वाटलं.

आयकोसाहेड्रॉन घे. बारा बिंदू पाठ करायची गरज नाही. फाय म्हणजे १.६१८ धर, मग (०, ±१, ±फाय) हे चार बिंदू, आणि तेच आकडे जागा बदलून (±१, ±फाय, ०) आणि (±फाय, ०, ±१). झाले बारा. प्रत्येकाची लांबी १.९०२ येते, तिनं भागलंस की आकडे ०.५२६ आणि ०.८५१ होतात आणि सगळे बिंदू एक त्रिज्येच्या गोलावर बसतात.

प्रत्येक पायरीला त्रिकोण चौपट. २०, ८०, ३२०, १२८०, ५१२०, २०४८० असं जातं. बिंदू १२, ४२, १६२, ६४२, २५६२, १०२४२. सूत्र पाहिजे तर, न वेळा तोडल्यावर त्रिकोण २० × ४ चा न-वा घात, बिंदू १० × ४ चा न-वा घात + २. ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) ताडून बघणार असशील तर ध्यानात ठेव, तिथं आयकोस्फिअरला, म्हणजे असल्याच गोळ्याला, १ लिहिलं की वीसच तोंडं येतात, म्हणजे त्यांचा १ तो आपला ०.

आता तुझा खरा प्रश्न, किती वेळा. त्रिकोण मोजत बसू नको, तूट मोज. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे गोलावर असतात पण त्याचं मधलं पोट गोलाच्या आत असतं. ते किती आत आहे ती तूट. त्रिज्येच्या टक्क्यात सगळ्यात वाईट त्रिकोणाची तूट अशी येते: न तोडलेल्या आयकोसाला २०.५ टक्के, एकदा तोडल्यावर ६.६, दोनदा १.८, तीनदा ०.४५, चारदा ०.११. पहिल्या एक-दोन पायऱ्या सोडल्या की दर वेळी तूट चौथा हिस्सा व्हायलीय बघ, कारण बाजू निम्मी झाली की तूट बाजूच्या वर्गानं कमी होते. अंदाजाला सूत्र: बाजूचा वर्ग भागिले सहापट त्रिज्या.

तुझा गोळा स्क्रीनवर किती मोठा दिसणार? समज ८०० पिक्सेल व्यास, म्हणजे त्रिज्या ४००. तीनदा तोडलास तर तूट ०.४५ टक्के म्हणजे १.८ पिक्सेल, काठावर कोपरे जाणवणार. चारदा तोडलास तर अर्ध्या पिक्सेलच्या आत. विषय संपला, ५१२० त्रिकोण. आधी पिक्सेल ठरव, त्यावरनं तूट ठरव, त्यावरनं लेव्हल, म्हणजे किती वेळा तोडायचं ते, आपोआप निघते.

चिक्कोडी_चौक :
एवढं मोजत कशाला बसायचं, सरळ सात वेळा तोडून टाकायचं की. हल्लीच्या मोबाईललासुद्धा लाखांत त्रिकोण जड जात नाहीत.

टिळकवाडी_गेट :
भावा, हल्लीच्या मोबाईलला नाही जाणार, पण ह्यांचे पीसी शाळेतले आहेत. सात वेळा तोडलं की ३,२७,६८० त्रिकोण. ८०० पिक्सेलच्या गोळ्यात समोरची निम्मी बाजू दिसते, म्हणजे साधारण १,६४,००० त्रिकोण पाच लाख पिक्सेलमध्ये कोंबायचे, एका त्रिकोणाला तीन पिक्सेल. जीपीयू (ग्राफिक्सची चिप) पिक्सेल एकेकटा रंगवत नाही, दोन बाय दोनच्या चौकटीत रंगवतो, त्यामुळं इतके बारीक त्रिकोण दिले की चौकटीतलं बरंचसं काम वाया जातं. चारदा तोडलं तर एका त्रिकोणाला सरासरी १९६ पिक्सेल येतात, ते त्याला मानवतं.

दुसरं म्हणजे इंडेक्स, त्रिकोणाचा कोपरा कुठला बिंदू ते सांगणारा नंबर. जुन्या वेबजीएल १ मध्ये एक्स्टेन्शन (जादा सोय) न घेता इंडेक्स १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच बिंदू. सहाव्या लेव्हलला ४०,९६२ बिंदू, बसतात. सातव्याला १,६३,८४२, नाही बसत. आणि हे सुद्धा बिंदू शेअर केले तरच! प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचे तीन बिंदू दिलेस तर सहाव्या लेव्हललाच २,४५,७६० होतात.

शेअर करायला सोपी युक्ती: बाजूच्या दोन टोकांचे नंबर घे, लहान आधी मोठा नंतर, त्याची किल्ली करून मॅपमध्ये (किल्ली दिली की उत्तर देणारी यादी) मध्यबिंदूचा नंबर ठेव. शेजारचा त्रिकोण तीच बाजू उलट्या क्रमानं विचारायला येईल तेव्हा त्याला तयार नंबर मिळतो.

कणकुंबीकर :
ताई, दादा, दोघांचे आभार. आयकोसावर आणलं, मॅपपण लावला, बिंदू बरोबर २५६२ भरले आणि काठ एकदम स्वच्छ आला.

पण आता गोळ्याला खिडक्या पडल्यात. प्रत्येक मोठ्या त्रिकोणात ठरावीक जागी भोक दिसतं आणि त्यातनं पलीकडचं आतलं अंग दिसतं. फिरवलं की पलीकडच्या बाजूचे तुकडे चमकतात. वायरफ्रेममध्ये मात्र सगळं जागेवर.

चिक्कोडी_चौक :
क्रम बघ क्रम. वायरफ्रेममध्ये दिसतंय आणि भरल्यावर गायब होतंय म्हणजे बॅकफेस कलिंग (पाठमोरे त्रिकोण न रंगवणं) चालू आहे आणि चारातल्या एका त्रिकोणाचे बिंदू उलट्या दिशेनं लिहिलेत. बाहेरनं बघताना सगळे घड्याळाच्या उलट पाहिजेत. मूळ त्रिकोण अ, ब, क, आणि मध्यबिंदू प (अब वरचा), फ (बक वरचा), भ (कअ वरचा). मग चार असे लिही: अ-प-भ, ब-फ-प, क-भ-फ, आणि मधला प-फ-भ. कागदावर काढून बोट फिरव, चारी एकाच दिशेनं फिरतात.

कलिंग बंद करून गप्प बसू नको, पुढं लाईट लावताना तेच परत आडवं येतं.

कणकुंबीकर :
मधलाच होता, जुळवला, खिडक्या बंद. फळ्यावर हे चार त्रिकोण काढून पोरांकडनंच क्रम लिहून घेणार आहे.

लॅबताई :
हे नक्की कर, पोरांना हाताला लागतं. लाईटबद्दल एक सांगते, कारण ह्या गोळ्याची सगळ्यात गोड गोष्ट तीच. गोळा केंद्रात आणि त्रिज्या एक असली की बिंदूचे आकडे हेच त्या बिंदूचं नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागापासनं काटकोनात बाहेर जाणारी दिशा. वेगळं काही काढायचं नाही, क्रॉस प्रॉडक्ट नाही, सरासरी नाही.

पण उजेडाचा हिशोब कुठं करायचा ते ठरव. बिंदूवर काढून त्रिकोणात पसरवायचा ही १९७१ ची गूरोची पद्धत, आणि नॉर्मल पसरवून प्रत्येक पिक्सेलला हिशोब करायचा ही फाँगची, १९७५ ची. गूरोत चमकता ठिपका त्रिकोणाच्या मधोमध पडला तर तो कुठल्याच बिंदूला सापडत नाही, गोळा फिरवताना ठिपका विझतो आणि पेटतो. कमी त्रिकोणांत हे लगेच दिसतं. समुद्रावर चमक दाखवायची असेल तर पिक्सेलवरच हिशोब कर. शेडिंग कितीही चांगलं केलंस तरी काठ मात्र त्रिकोणांचाच राहतो, शेडिंगनं कोपरे झाकत नाहीत. म्हणून तूट काठावरच तपासायची.

उद्यमबाग_पॅटर्न :
मी हे सगळं वाचून बसलोय कारण माझ्या दुकानात हाच प्रश्न उलट्या अंगानं येतो. आम्ही फौंड्रीला पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरनं घेतात तो नमुना) करून देतो, पूर्वी सगळे लाकडी, आता बरेच थ्रीडी प्रिंट करून त्यावर फिनिशिंग. गिऱ्हाईक ड्रॉइंगऐवजी एसटीएल फाईल (आकार त्रिकोणांत मांडलेली) पाठवतो, आणि व्हॉल्व्हच्या गोळ्यासारखा पार्ट असला की कधी फाईल एवढी जाडजूड की सॉफ्टवेअर उघडंना, कधी एवढी मोघम की प्रिंटवर सपाट पट्ट्या हाताला लागतात. आता हा तुटीचा हिशोब आम्हालाही लागू होतो का?

टिळकवाडी_गेट :
काका, तुम्हाला तर जास्तच लागू होतो, तुमची तूट मिलिमीटरमध्ये मोजता येते. व्यास किती आणि प्रिंटचा थर किती ते सांगा.

उद्यमबाग_पॅटर्न :
धरा १२० मिमी व्यास. थर ०.२ चा.

टिळकवाडी_गेट :
त्रिज्या ६०. तीनदा तोडलेल्या गोळ्याची तूट ०.२७ मिमी, थरापेक्षा जास्त, म्हणून पट्ट्या हाताला लागणार. चारदा तोडला की ०.०७ च्या आत, थरापेक्षा बारीक, पॉलिश पेपर मारल्यावर काही राहत नाही. पाचदा तोडला तर ०.०१७, तिथं प्रिंटरच तेवढा बारीक नाही, उगीच फाईल फुगवायची.

फाईलचं वजन पण सांगतो. बायनरी एसटीएलमध्ये सुरुवातीला ८० बाइटचं डोकं, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या, आणि मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. बिंदू शेअर होतच नाहीत तिथं. ५१२० त्रिकोणांना पाव एमबी, २०४८० ना एक एमबी, आणि सात वेळा तोडलेल्याला सोळा एमबीच्या वर. एकच गोळा असला तर ठीक, पण एका पार्टमध्ये असे वीस-तीस गोलवे असले की तुमचं सॉफ्टवेअर का बसतं ते कळेल.

उद्यमबाग_पॅटर्न :
आता डोक्यात उजेड पडला. मग एक बारीक शंका. कोपरे गोलावर आणि पोट आत, म्हणजे हा गोळा सगळीकडं खऱ्या गोळ्यापेक्षा लहानच होणार ना? पॅटर्नमध्ये आम्ही बीड (ओतीव लोखंड) आटतं म्हणून साधारण एक टक्का मोठं धरतो. त्यात ही तूट मिसळली तर माप कमी भरंल.

लॅबताई :
काका, एकदम नेमकं पकडलात. कोपरे गोलावर असलेला गोळा आकारमानानं नेहमी कमीच भरतो. न तोडलेला आयकोसाहेड्रॉन गोलाच्या साठ टक्के आकारमान भरतो, ऑक्टाहेड्रॉन तर ३२ टक्क्यांच्या आतच. तोडत गेलात की वाढत जातं पण शंभराला टेकत नाही.

उपाय: तूट अर्धी अर्धी वाटा. त्रिज्येला (१ + अर्धी तूट) नं गुणा. चौथ्या लेव्हलला ६० च्या ऐवजी ६०.०३४. मग कोपरे तेवढे बाहेर आणि पोटं तेवढीच आत, सगळ्यात मोठी चूक निम्मी. आटीचा एक टक्का त्याच्यावर वेगळा लावा, दोन्ही हिशोब एकात मिसळू नका.

चिक्कोडी_चौक :
एक विचारू? कणकुंबीकरांनी वायरफ्रेमचा फोटो टाकलाय त्यात काही बिंदूंना पाचच रेघा दिसतात, बाकी सगळ्यांना सहा. चौथ्या लेव्हललासुद्धा. हे काढता येत नाही का?

टिळकवाडी_गेट :
नाही येत, आणि मोजून बघ, ते बाराच आहेत, कुठल्याही लेव्हलला. आयकोसाहेड्रॉनचे मूळचे बारा कोपरे.

ऑयलरचा नियम, बिंदू वजा बाजू अधिक तोंडं बरोबर दोन. आता एकेका बिंदूच्या वाट्याला काय येतं बघ. सहा रेघांच्या बिंदूला स्वतःचा १, सहा बाजूंचे अर्धे म्हणजे वजा ३, सहा त्रिकोणांचे तिसरे हिस्से म्हणजे अधिक २. बेरीज शून्य. पाच रेघांच्या बिंदूला १ वजा अडीच अधिक पाच तृतीयांश, म्हणजे एक षष्ठांश. बेरीज दोन व्हायला असे बारा लागतातच. फक्त सहाचेच बिंदू घेतलेस तर कागद सपाट राहतो, गोळा मिटत नाही. फुटबॉलवरचे काळे पंचकोन बारा असतात ते ह्याचमुळं.

मोठ्या सिस्टिम्सनासुद्धा ह्यातनं सुटका नाही. उबरची एच-थ्री नावाची नकाशाची जाळी आयकोसाहेड्रॉनवरच केलीय, षटकोनांची, आणि तिच्यात पण प्रत्येक लेव्हलला बारा पंचकोन. त्यांनी गोळा असा तिरका फिरवलाय की ते बाराही समुद्रात पडतात. जर्मन हवामान खात्याचं आयकॉन मॉडेलपण २०१५ पासून आयकोसाहेड्रॉन तोडून केलेल्या त्रिकोणांवरच चालतंय. शाळेतल्या पोरांना हे सांग, की तुमच्या गोळ्याची जी जाळी आहे तशाच जाळीवर जगाचं हवामान काढतात.

कणकुंबीकर :
हे सांगणारच. बाराचा हिशोब फळ्यावर मांडून बघितला, फार आवडला.

आता नकाशा चढवला. नकाशाच्या चित्रावरची आडवी जागा म्हणजे यू, उभी म्हणजे व्ही. रेखांशाला १८० मिळवून ३६० नं भागतोय तो यू, अक्षांशाला ९० मिळवून १८० नं भागतोय तो व्ही. बेळगाव धरलं १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व, म्हणजे यू ०.७०७ आणि व्ही ०.५८८. गोळ्यावर तिथं लाल ठिपका ठेवायला बिंदू काढला, उत्तर ध्रुव झेडवर धरून (०.२५७, ०.९२७, ०.२७३). ठिपका बरोबर गोव्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या अलीकडं पडला. पोरं आपलं गाव शोधणार तेव्हा कणकुंबी, मलप्रभेचा उगम, नंदगड सगळं असंच टाकणार आहे.

पण फिजीच्या बाजूला, १८० रेखांशावर, उत्तरेपासनं दक्षिणेपर्यंत करवतीसारखी पट्टी, आणि त्या पट्टीत सगळं जग उलटं कोंबलेलं. ध्रुवावर पण थोडं पिळल्यासारखं.

टिळकवाडी_गेट :
हे शिवण आहे. एखाद्या त्रिकोणाचा एक बिंदू यू ०.९८ ला आणि दुसरा ०.०२ ला असला की जीपीयू त्यांच्यामधला रस्ता लांबचा धरतो, ०.९८ वरनं मागं मागं येत ०.०२ पर्यंत, म्हणून त्या एका बारक्या त्रिकोणात अख्खा नकाशा उलटा येतो. इथं बिंदू शेअर करायचा मोह सोडावा लागतो. ज्या त्रिकोणात दोन यूंचा फरक अर्ध्यापेक्षा जास्त आहे त्यातल्या लहान यूच्या बिंदूची नक्कल कर आणि नकलेच्या यूमध्ये १ मिळव, ०.०२ चा १.०२. टेक्स्चर (चढवलेलं चित्र) रिपीटवर ठेव, म्हणजे १ च्या पुढं चित्र परत पहिल्यापासनं येतं.

ध्रुवाला यू असं काही नसतंच. मी दिलेल्या बारा बिंदूंत ध्रुव बरोबर एका बाजूच्या मध्यावर येतो, त्यामुळं एकदा तोडलं की तिथं बिंदू तयार होतो, त्याच्याभोवती सहा त्रिकोण. ध्रुवबिंदूच्या सहा नकला कर, प्रत्येकीला त्या त्या त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बिंदूंच्या यूची सरासरी दे. शिवणीची नक्कल आधी करून मग सरासरी काढ, उलटं केलंस तर एक पाकळी चुकते.

आणि आता कळकळीनं सांगतो, तुझ्या जुन्या पीसीला त्रिकोण जड जाणार नाहीत, नकाशाचं चित्र जड जाईल. ८१९२ बाय ४०९६ चं चित्र मेमरीत उलगडलं की १२८ एमबी, वर मिपमॅपचा (त्याच चित्राच्या लहान लहान प्रतींचा) तिसरा हिस्सा. २०४८ बाय १०२४ घेतलंस तर ८ एमबी. ८०० पिक्सेलच्या गोळ्याला हे पुरतं, झूम द्यायचं असेल तर ४०९६ बाय २०४८, ३२ एमबी. गाव दिसेपर्यंत झूम देऊ नको, त्याला वेगळा तालुक्याचा नकाशा दाखव.

कणकुंबीकर :
२०४८ वालं लावलं. शिवण गेली, ध्रुव सरळ झाला, शाळेतल्या पीसीवर गोळा न अडखळता फिरायलाय. हेडसरांनी बघून सातवीच्या वर्गालापण पाहिजे म्हणून सांगितलं.

निपाणी_फॅब्रिकेशन :
राम राम. मला कॉम्प्युटरमधलं एवढं कळत नाही, मी पाईपची कामं करतो, शेड, गेट, जिने. एका शाळेनं बागेत पोरांना बसायला पाईपचा अर्धगोल डोम मागितलाय, त्रिकोण-त्रिकोण जोडून करतात तसला, पाच मीटर व्यासाचा. तुमचा धागा वाचून वाटलं हेच ते. पाईप किती लांबीचे कापायचे ते ह्याच हिशोबातनं निघतंय का?

लॅबताई :
दादा, हेच ते, अगदी तंतोतंत. असला डोम पहिल्यांदा जर्मनीत येना इथं १९२० च्या दशकात झाईसच्या तारांगणासाठी बाउअर्सफेल्डनं केला, आणि पुढं अमेरिकेत बकमिन्स्टर फुलरनं १९५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तुम्हाला लागणारा डोम म्हणजे आमचा एकदाच तोडलेला आयकोसाहेड्रॉन, अर्धा कापलेला.

एकदा तोडल्यावर दोनच लांब्या निघतात. मूळच्या बाजूचे जे दोन तुकडे होतात ते आखूड, त्रिज्येच्या ०.५४६५३ पट. आणि मधल्या त्रिकोणाच्या बाजू लांब, ०.६१८०३ पट. अर्ध्या गोलाला लांब ३५, आखूड ३०, एकूण ६५ पाईप आणि २६ जोड. खालचं कडं दहा लांब पाईपांचं होतं आणि ते बरोबर सपाट बसतं, ही ह्या डोमची मोठी सोय. त्रिकोण ४०, त्यातले दहा तिन्ही लांब पाईपांचे, तीस दोन आखूड आणि एक लांब असे.

पाच मीटर व्यासाला त्रिज्या २.५, म्हणजे लांब १.५४५ मीटर आणि आखूड १.३६६. ही भोकापासनं भोकापर्यंतची मापं आहेत, पाईपची टोकं दाबून चपटी करून बोल्ट घालणार असाल तर भोकाच्या बाहेरचं वेगळं धरा. चपटं टोक लांब पाईपला १८ अंशानं वाकवायचं, आखूडला जवळजवळ १६ अंशानं. दोघांना सारखंच वाकवलंत तर वरचे जोड ओढून बसवावे लागतात.

निपाणी_फॅब्रिकेशन :
ताई, हे सोनं दिलंत. पाईप सहा मीटरचा येतो. प्रत्येक भोकाच्या बाहेर २५ मिमी ठेवतो, म्हणजे तुकड्याला ५० वाढीव. लांब १.५९५, आखूड १.४१६. दोन लांब आणि दोन आखूड एका पाईपात बसवायला गेलो तर ६.०२ होतंय, दोन सेंटीमीटरनं हुकतंय. तीन लांबच काढले तर सव्वा मीटर तुकडा वाया.

उद्यमबाग_पॅटर्न :
दादा, शाळेनं पाच सांगितलंय ते अंदाजानं सांगितलंय. व्यास ४.९ करा. त्रिज्या २.४५, भोक ते भोक लांब १.५१४, आखूड १.३३९. वाढीव ५० धरून १.५६४ आणि १.३८९. दोन-दोन मिळून ५.९०६, ब्लेडची जाडी जाऊनसुद्धा बसतं. १५ पाईपांत तीस लांब आणि तीस आखूड निघाले, उरले पाच लांब, ते दोन पाईपांत. सतरा पाईपांत सगळा डोम.

निपाणी_फॅब्रिकेशन :
४.९ नक्की. शाळेला फोन करून विचारलं, हरकत नाही म्हणाले. सतरा पाईप सांगून टाकले. आखूडला पिवळा आणि लांबला निळा रंग मारून ठेवणार म्हणजे उभारताना पोरं पण हात लावतील तरी गल्लत होणार नाही. पाच रेघांचे जे जोड आहेत ते अर्ध्या डोममध्ये किती येतात ताई, प्लेटा त्या हिशोबानं कापायच्यात.

लॅबताई :
मूळचे बारा कोपरे, त्यातला एकही कड्यावर नसतो, म्हणून वरच्या अर्ध्यात सहा. त्या सहा जोडांना पाच आखूड पाईप येतात, पाच सख तीस, तुमचे सगळे आखूड पाईप तिथंच संपले. कड्यावरचे दहा जोड चार पाईपांचे, उरलेले दहा सहा पाईपांचे. सगळ्यात वरचा जोड पाचाचा ठेवा आणि उभारणी तिथनं खाली आणा किंवा कड्यापासनं वर न्या, दोन्ही जमतं, पण सहाही पाचाच्या प्लेटांवर आधीच खूण करून ठेवा.